कादंबरीतील अविचल पात्र

मराठीत कादंबरीचे परीक्षण लिहिण्याची जी रीत गेल्या काही दशकांत रूढ होऊन बसली आहे, तिच्यात एक शेरा इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे मारलेला आढळतो, की त्याची एकदा कसून झडती घेणे अगत्याचे झाले आहे. अमुक पात्र पहिल्या पानावर जसे भेटते तसेच शेवटच्या पानावर निरोप घेते, त्याच्या स्वभावाचा विकास होत नाही, सबब लेखकाला व्यक्तिचित्रण साधलेले नाही, असा तो शेरा. लेखकही तो मुकाट्याने मान्य करतो, आणि पुढच्या कादंबरीत आपल्या नायकाला पश्चात्ताप, मनःपरिवर्तन किंवा भ्रमनिरास यांपैकी काहीतरी घडवून आणून या आक्षेपाची आधीच तरतूद करून ठेवतो. परिणामी मराठी कादंबरीतील माणसे बदलतात पुष्कळ, पण ती का बदलली हे पुस्तक मिटल्यावर सांगता येत नाही. आणि ज्यांच्या न बदलण्यातच त्यांचे सारे चरित्र सामावले असते, अशी माणसे आपल्या कादंबरीतून हळूहळू नाहीशी होत चालली आहेत. ही हानी लहान नाही, आणि तिची दखल घेण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या शेऱ्याचे मूळ शोधू गेल्यास ते ई. एम्. फॉर्स्टर यांच्यापाशी जाऊन पोहोचते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात १९२७ साली त्यांनी कादंबरीवर जी व्याख्याने दिली आणि जी त्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत त्यांनी पात्रांचे सपाट आणि भरीव असे दोन वर्ग पाडले. हे वर्गीकरण आपल्याकडे महाविद्यालयांतून शिकविले गेले आणि शिकविता शिकविता इतके झिजले, की ‘भरीव म्हणजे बदलणारे, सपाट म्हणजे न बदलणारे’ एवढाच त्याचा अवशेष हाती उरला. वस्तुतः फॉर्स्टर यांनी भरीव पात्राची जी कसोटी सांगितली ती बदलाची नव्हे. ते पात्र वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते काय, एवढेच त्यांनी विचारले होते. शिवाय डिकन्सची बहुतेक सारी माणसे सपाट आहेत हे कबूल करून, तरीही त्याला दिसलेले मानवी जीवन उथळ नाही, असा स्पष्ट निर्वाळाही त्यांनी दिला होता. मूळ विचारातील हा सूक्ष्म भेद आपल्या समीक्षेच्या दफ्तरात कधी दाखलच झाला नाही, आणि जो निकाल फॉर्स्टर यांनी दिलाच नव्हता त्याची अंमलबजावणी मात्र आपण निष्ठेने करीत राहिलो.

आपल्या जुन्या साहित्यविचाराला तर हा आक्षेप समजलाच नसता. धनंजयाच्या ‘दशरूपका’त नायकाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्या धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत या चारही प्रकारांत धैर्य ही पूर्वअट आहे, नायकाने प्रसंगागणिक नवा माणूस व्हावे अशी अपेक्षा त्या शास्त्रात कोठेही नाही. आता, नाटकाचे शास्त्र कादंबरीला जसेच्या तसे लावता येत नाही हे मला मान्य आहे. १८५७ मध्ये बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पासून मराठीत जो वाङ्मयप्रकार सुरू झाला, त्याचे मुख्य द्रव्य काळ हे आहे, आणि काळ माणसाला घडवितो, झिजवितो, मोडतो हे दाखविण्याचे सामर्थ्य कादंबरीइतके अन्य कोणत्याही प्रकारात नाही. तेव्हा जो लेखक इतक्या लांबीच्या काळाच्या प्रवाहात एक माणूस उभा करतो आणि त्याला हलू देत नाही, त्याने ते का केले याचा जबाब त्याच्याकडून मागणे रास्तच आहे. माझे म्हणणे इतकेच, की जबाब ऐकून न घेता निकाल देऊ नये.

तो जबाब कोणता असू शकतो? माझ्या मते अविचल पात्राची खरी कसोटी एकच: न बदलण्यासाठी त्या पात्राला जी किंमत मोजावी लागते, ती कादंबरीभर वाढत गेली पाहिजे. पहिल्या प्रकरणात जी निष्ठा फुकट मिळाली, तीच दहाव्या प्रकरणात घरदार मागत असेल आणि शेवटी प्राण मागत असेल, तर पात्राचा स्वभाव तसूभरही न हलता वाचकाच्या मनातील त्याची प्रतिमा मात्र प्रत्येक प्रकरणात नवी होत जाते. फॉर्स्टर यांना अभिप्रेत असलेला तो पटणारा विस्मय येथे पूर्णपणे संभवतो, कारण एवढे झाल्यावरही हा माणूस आहे तसाच राहील असे आपल्याला वाटलेले नसते. उलट किंमत जर वाढलीच नाही, तर तो माणूस धीरोदात्त असो की धीरोद्धत, पन्नास पानांनंतर तो केवळ एक पाटी होऊन राहतो. मराठी कादंबरीच्या इतिहासात या दोन्ही प्रकारांचे दाखले विपुल आहेत.

हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचेच पाहा. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः वाचकांपुढे येत गेली. तिच्यातील यमू बदलते, वाढते, विचार करू लागते, आणि म्हणून समीक्षकांचे सारे लक्ष साहजिकच तिच्याकडे गेले. पण यमूच्या सासरचे शंकरमामंजी हे पात्र कादंबरीभर एका रेषेनेही बदलत नाही, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. पाहिले तेव्हा त्यांना साचेबंद खलपुरुष म्हणून मोकळे झाले. मला वाटते, हरिभाऊंनी हे जाणूनबुजून केले आहे. शंकरमामंजींना जर कोठे पाझर फुटला असता, तर यमूच्या वैधव्यानंतर तिच्यावर लादलेल्या केशवपनाचा सारा दोष एका माणसाच्या तात्पुरत्या दुष्टपणावर टाकून वाचक निश्चिंत झाला असता. ते बदलत नाहीत, कारण त्यांच्या रूपाने घरात वावरणारी रूढी बदलत नाही. आणि त्यांच्या या जडत्वाची किंमत त्यांना स्वतःला कधीच द्यावी लागत नाही, ती सर्वस्वी यमू देते. किंमत एकाने मोजावी आणि अढळपद दुसऱ्याने भोगावे, ही त्या काळच्या समाजाची व्यवस्था हरिभाऊंनी नुसत्या पात्ररचनेतून दाखविली. हा प्रकार माझ्या कसोटीला अपवाद असल्यासारखा दिसतो खरा, परंतु किंमत वाढत जाणे हा नियम येथेही पाळला गेला आहे. फक्त ती दुसऱ्याच्या नावावर खर्ची पडली आहे.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला कादंबरी म्हणावे की आठवणींची माळ, हा वाद जुना आहे आणि त्यात मी शिरत नाही. त्यातील आई बदलत नाही याबद्दल मात्र वाद नाही. स्नान केल्यावर पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरून बसलेल्या श्यामसाठी ती आपला पदर पसरते, आणि पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनालाही जप, असे त्याला सांगते. हा प्रसंग मराठी घरांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की त्याची उपदेशाची बाजू तेवढी आपल्या लक्षात राहते. परंतु हे पुस्तक सलग वाचणाऱ्याला पुढचे विसरता येत नाही. त्या घराची स्थिती खालावत जाते, कर्ज वाढते, सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो, जप्तीची दवंडी पिटली जाते, अंथरुणाला खिळलेली आई ती ऐकते. जी शिकवण पदर पसरण्याइतकी सोपी होती, तीच आता अब्रू गेलेल्या, औषधाला पैसा नसलेल्या घरात पाळावयाची आहे, आणि ती बाई तेथेही आपली पट्टी खाली आणीत नाही. उपदेशाचे वाक्य तेच, पण ते उच्चारणाऱ्या तोंडाला आता त्याचे मोल द्यावे लागत आहे. साने गुरुजींवर भाबडेपणाचा आरोप करणाऱ्यांनी पुस्तकाचा हा उत्तरार्ध पुन्हा पाहावा, अशी माझी विनंती आहे.

या सर्वांत ज्या पुस्तकापाशी मला अधिक काळ थांबावेसे वाटते, ते म्हणजे उद्धव शेळके यांची १९६० साली आलेली ‘धग’. वऱ्हाडातील एका शिंपी कुटुंबाची ही कथा आहे आणि तिच्या मध्यभागी कौतिक ही बाई आहे. नवरा महादेव उमेद हरवून बसलेला. थोरला मुलगा भीमा हाताबाहेर जाणारा. धाकट्या नामाने शिकावे ही तिची आस. आणि या सर्वांचे पोट भरण्याची जबाबदारी तिच्या एकटीच्या हातांवर. तिला संसार उभा करावयाचा आहे, बस्स, एवढेच. कादंबरीच्या आरंभी ती ज्या जिद्दीने हा निश्चय करते, ती जिद्द पुढे वाढत नाही, कमी होत नाही, तिला नवे तत्त्वज्ञान सुचत नाही, आपल्या दैवाबद्दल ती दीर्घ चिंतन करीत नाही. एक आघात होतो. ती उठते आणि मोलमजुरीचे पुढचे काम शोधते. दुसरा आघात होतो. ती पुन्हा उठते. महादेवाला महारोग जडतो, तेव्हाही तिच्या वागण्याचे सूत्र तेच असते.

वरवर पाहता हे नुसते पुनरावर्तन वाटेल, आणि रूढ परीक्षणाच्या भाषेत या व्यक्तिरेखेत ‘विकास’ नाही असेच म्हणावे लागेल. पण वाचकाच्या मनात काय घडते ते पाहिले पाहिजे. आरंभी कौतिकचा निर्धार पाहून आपल्याला तिचे कौतुक वाटते. अशी बाई घराला तारून नेईल असा भरवसा वाटतो. थोडे पुढे गेल्यावर तोच निर्धार हट्टासारखा भासू लागतो, तिने थोडे वाकावे, थोडे सोडून द्यावे असे आपल्याला वाटते, आणि महादेवाच्या दुबळेपणाविषयी मनात किंचित सहानुभूतीही निर्माण होते. आणि पुढे एक वेळ अशी येते, की तिचे न थकणे पाहवत नाही; माणसाने एवढे सोसूनही आशा सोडू नये याचीच भीती वाटू लागते. कौतिक जेथल्या तेथे आहे, आणि तिच्याकडे पाहणारा मात्र कौतुकापासून भयापर्यंत प्रवास करून आलेला आहे. शेळक्यांनी हे साधले ते विलक्षण संयमाने. त्यांनी तिच्या मनात फार वेळ डोकावून पाहिले नाही. तिला वऱ्हाडी बोलीत बोलू दिले, रोजच्या व्यवहाराचे, हिशेबाचे, मुलांना रागे भरण्याचे बोलणे बोलू दिले, आणि दुःखाची सारी मीमांसा वाचकावर सोपविली. अविचल पात्राच्या अंतरंगाचे सतत स्पष्टीकरण करीत बसलेला लेखक त्या पात्राचे अविचलपण स्वतःच्या हाताने पोखरतो. ही चूक शेळक्यांकडून झाली नाही, आणि म्हणून माझ्या लेखी ‘धग’ ही मराठीतील पहिल्या चार-पाच कादंबऱ्यांत बसणारी कृती आहे.

आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) याच कसोटीवर वेगळ्या वाटेने उतरते. येथे नारबा हा शेतावरचा गडी स्वतःच आपली हकिकत कोल्हापुराकडच्या ग्रामीण बोलीत सांगतो, म्हणजे शेळक्यांनी जे अंतरंग झाकून ठेवले ते यादवांनी उघडे ठेवले आहे. पण त्या अंतरंगात आहे काय? बैल आहेत, म्हशी आहेत, कुत्री-कोंबड्या आहेत, पिकांची आणि ऋतूंची ये-जा आहे. ज्याला माणसांचा संसार लाभला नाही, त्याने जनावरांत आपले गणगोत शोधले आहे. मालकाच्या शेतावर यंत्र येते, ट्रॅक्टर येतो, आणि जे जे नारबाला आपले वाटत होते ते ते एकेक करून निरुपयोगी ठरून शेतावरून हलविले जाते. नारबाची माया पूर्वी होती तेवढीच आहे. ती ठेवावयास जागा मात्र दर प्रकरणागणिक कमी होत चालली आहे. ग्रामीण भागातील यांत्रिकीकरणावर आपल्याकडे अहवाल आणि भाषणे पुष्कळ झाली. परंतु त्या उलथापालथीत एका सालगड्याच्या काळजाचे काय झाले हे समजून घ्यावयाचे, तर बदलू न शकणाऱ्या नारबाकडेच जावे लागते. नारबा जर ट्रॅक्टर चालवावयास शिकला असता, तर त्याचा ‘विकास’ झाला असता आणि आपल्याला काहीच कळले नसते.

अविचल माणसाच्या शेजारी एखादा बदलणारा माणूस ठेवणे, हा या कलेतील आणखी एक जुना आणि भरवशाचा उपाय आहे. सर्व्हांतेसने १६०५ आणि १६१५ या वर्षांत दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ‘डॉन किहोते’त नायक आपल्या भ्रमाला चिकटून राहतो आणि त्याच्या सहवासात सांचो पान्झा मात्र हळूहळू निराळा होत जातो; मरणशय्येवर नायक शुद्धीवर येऊन आपला भ्रम टाकून देतो तेव्हा तो तसाच राहावा असे ज्याला कळवळून वाटते, तो सांचोच असतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (पुस्तकरूपाने १९५५) औंध संस्थानच्या शाळेवर नेमणूक होऊन आलेला तरुण मास्तर हे काम करतो. कारभारी, आनंदा रामोशी, दादू बालट्या ही माणसे आपापल्या स्वभावाला धरून असतात. त्यांना सुधारण्याची जबाबदारी माडगूळकर मास्तरवरही टाकीत नाहीत आणि स्वतःवरही घेत नाहीत. शिकविणारा मास्तरच शिकत जातो, आणि शेवटी दुष्काळ पडून गाव ओस होऊ लागते तेव्हा त्या माणसांचे स्थिरपण कोणत्या मातीवर उभे होते हे त्याला आणि आपल्याला एकाच वेळी उमगते.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहिले पाहिजे, कारण न बदलणारे प्रत्येक पात्र हे कलेचे यश असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या निवेदनांतून वासनेचे आणि अहंकाराचे जे चित्र उभे राहते, त्याची ताकद मी नाकारीत नाही, १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने भाऊसाहेबांचा जो गौरव झाला तो यथोचितच होता. पण त्याच कादंबरीतील कच हा संयमाचा आदर्श म्हणून पुनःपुन्हा येतो, आणि दर वेळी वाचकाला एक सुविचार देऊन जातो. देवयानीच्या प्रेमाचा त्याग ही त्याने मोजलेली किंमत खरी आहे, परंतु ती एकदाच मोजली गेली आहे. त्यानंतर त्याच्या स्थैर्याला कोणी धक्का देत नाही, ते त्याला महाग पडेल अशी परिस्थिती लेखक त्याच्यावर आणीत नाही. म्हणून पापी ययाति लक्षात राहतो आणि पुण्यवान कच पुसट होतो.

ऐतिहासिक आणि चरित्रात्मक कादंबरीत हा दोष फारच फोफावला आहे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवरावाच्या कर्तव्यबुद्धीसमोर क्षयाचा रोग आणि घरातला कलह उभा केला, शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) कर्णाच्या दातृत्वाची परीक्षा कवचकुंडलांपर्यंत नेली, आणि ती परीक्षा सहा वेगवेगळ्या निवेदनांतून दाखविली. या दोन्ही ठिकाणी अढळपणाला मोल होते. त्यांच्या यशानंतर जे अनुकरण सुरू झाले त्यात हे मोल गळाले आणि नुसता अढळपणा उरला. चरित्रनायक जन्मतःच थोर, बालपणी थोर, संकटात थोर, आणि मरताना सर्वांत थोर. त्याला शंका येत नाही, मोह पडत नाही, त्याच्या थोरपणामुळे घरातल्या कोणाचे वाटोळे झाले असेल तर त्याची नोंदही होत नाही. ज्या थोर पुरुषांवर ही पुस्तके लिहिली जातात त्यांच्यावर हा अन्याय आहे, कारण त्यांनी प्रत्यक्षात काय काय गमावले हेच त्यातून वजा केले जाते.

सामाजिक कादंबरीत उलट प्रकार आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने (१९६३) पांडुरंग सांगवीकराच्या रूपाने खेड्यातून पुण्याला आणि पुण्याहून परत खेड्याकडे असा जो प्रवास लिहिला, तो त्या काळी इतका खरा होता की त्याने मराठी गद्याची चालच बदलून टाकली. पुढे मात्र तो मार्ग सरकारी रस्त्यासारखा मोजून आखला गेला: गाव, वसतिगृह, पदवी, मोहभंग, परतीची वाट. या रस्त्यावरून जाणारा प्रत्येक नायक बदलतो, पण पुढच्या वळणावर तो काय होणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. अशा वेळी सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’सारखी (२००२) कादंबरी निराळी उठून दिसते. त्यातील एकनाथ शिकलेला आहे, नोकरीसाठी द्यावयाचा पैसा त्याच्यापाशी नाही, आणि तो शेतीत अडकून पडला आहे. त्याचे जागच्या जागी रुतणे हाच त्या पुस्तकाचा विषय आहे. तेथे लेखकाने खोटा बदल घडवून आणला नाही, आणि त्याचा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

तरीही एकंदर स्थिती समाधानकारक आहे असे मला म्हणवत नाही. कौतिक आणि नारबा यांच्या तोडीचे अविचल पात्र अलीकडच्या मराठी कादंबरीत मला आढळत नाही. आपला समाज वेगाने बदलत आहे हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, पण ते मला पटत नाही. समाज जितका वेगाने बदलतो तितकी न बदलणाऱ्या माणसाची किंमत वाढते, आणि कादंबरीकाराला तितकेच अधिक द्रव्य मिळते. बंद पडलेल्या गिरणीचा कामगार, धरणाखाली गाव गेलेला खातेदार, मुले परदेशी गेल्यावरही वाडा न विकणारी म्हातारी, ही माणसे आपल्या अवतीभवती आहेत आणि ती आपल्या जागेवरून हललेली नाहीत. त्यांच्यावर लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकांना माझे इतकेच सांगणे आहे, की त्यांना शेवटच्या प्रकरणात शहाणे करू नका; त्यांचा हट्ट त्यांना काय भावात पडला ते प्रकरणागणिक मांडा. आणि परीक्षकांना विनंती अशी, की ‘विकास नाही’ हा शेरा मारण्यापूर्वी ‘धग’ आणि ‘गोतावळा’ ही दोन पुस्तके पुन्हा एकदा, सावकाश, पहिल्या पानापासून वाचावीत.